गुरूंच्या पायाखालचं गवत

सुनेने कुकर लावला होता, नातीचा एक मोजा सापडत नव्हता आणि मास्तरीणबाई पलंगाखाली वाकून तो शोधत होत्या. तेवढ्यात दार वाजलं. जैन मंदिराचे विश्वस्त होते.

"या, बसा. छत गळायला लागलं की काय?" मास्तरीणबाईंनी कंबर सरळ करत विचारलं.

"छत ठणठणीत आहे, काकू. पण मास्तरांनी छतावर रंगवलेल्या त्या शेवटच्या चित्रात गुरुमहाराज शिष्यांना घेऊन चाललेत ना, त्यांच्या पायाखाली हिरवंगार गवत आहे. काल एका साध्वीजींनी दाखवलं. गवतात जीव असतो, आमचे साधू त्यावर पाऊल टाकत नाहीत. अठ्ठावीस वर्षं आम्ही वर बघून हात जोडतोय, एकाच्याही लक्षात येऊ नये!"

"सगळे चेहराच बघत असणार," सून म्हणाली.

"मास्तरांसारखा माणूस असा कसा चुकला, हेच सगळे म्हणतायत. उद्या नवा पेंटर येतोय. आधी तुमच्या कानावर घालावं म्हटलं."

मास्तरांना जाऊन सहा वर्षं झाली होती. अठ्ठावीस वर्षांपूर्वी मंदिराच्या छतावरचं ते शेवटचं चित्र अर्धवट असतानाच ते तापाने आडवे झाले होते. चेहरे, वस्त्रं झाली होती, जमीन तेवढी उरली होती. "साधा मातकट रंग दे," असं बायकोला सांगून त्यांनी तिला परांचीवर पाठवलं. ती तोवर रंग घोटून द्यायची, इतकंच. वर उताणं पडल्यावर ती अनवाणी पावलं तिच्या अगदी नाकासमोर आली. कुठून कुठून चालत आलेली माणसं, जरा मऊ लागू दे पायाला, असं तिला वाटलं आणि तिने गवताचं पातं न् पातं रंगवलं. ताप उतरल्यावर मास्तर वर चढून बराच वेळ बघत राहिले. खाली आल्यावर म्हणाले, "पाती छान आलीयेत." बस्स.

"चूक त्यांची नाही," मास्तरीणबाई म्हणाल्या. "ते गवत माझं आहे."

"आई! कधी बोलला नाहीत ते!"

"कौतुक त्यांचं होत होतं, मध्ये कशाला तोंड घालू? पण आता बोल त्यांना लागतोय."

विश्वस्त गडबडले. "मग... राहू द्यायचं का?"

"छे! गुरूंना तसं कसं उभं ठेवायचं? पुसायचंच," मास्तरीणबाई पदर खोचत म्हणाल्या.

"म्हणजे तुम्ही वर चढणार? आई, स्टुलावर चढलात तरी तुमचे चिरंजीव घर डोक्यावर घेतात!"

मास्तरीणबाईंनी सुनेकडे पाहिलंच नाही.

"पेंटरला परांची बांधू दे," त्या विश्वस्तांना म्हणाल्या. "पण ते गवत मला पुसू द्या."