सोमवारचं मटण

आमच्या घरात मटण जमलं की फसलं, हा निकाल मी देते. ह्यांना विचारण्यात अर्थ नाही. समोर लाल रस्सा ठेवला की चाखायच्या आधीच हे 'वा' म्हणून मोकळे होतात. मी मात्र बारवी धरणाच्या बाजूच्या खेड्यातली. आमच्याकडे लग्नाच्या हळदीला बोकड पडतो, आणि मोठ्या टोपाशी उभं राहून मीठ कमी की जास्त ते नुसत्या वासावर सांगणाऱ्या बायकांत मी वाढले. तेव्हा मटणाच्या बाबतीत माझ्याकडे दयामाया नाही.

अशा बाईच्या नशिबी सून आली ती साताऱ्याकडच्या माळकऱ्यांची. गळ्यात तुळशीची माळ, अंड्याचा केकसुद्धा चालत नाही. मुलानं लग्न ठरवलं तेव्हा मी कपाळाला हात लावला. पण पोरगी गुणाची निघाली. मुलगा जहाजावर असतो, महिनोन् महिने तोंड दिसत नाही, त्यामुळे अंबरनाथच्या फ्लॅटमध्ये आम्ही तिघंच: मी, हे आणि ती. तिची कढई वेगळी, उलथणं वेगळं. कढईच्या कानाला तिनं हिरवा दोरा बांधलाय, माझा हात चुकून जायला नको म्हणून. रविवारी आमचं मटण शिजायला लागलं की ती आपलं वरणभाताचं ताट घेऊन आतल्या खोलीत जाते. नाक मुरडत नाही, काही बोलत नाही, पण जाते. मला ते कधीच आवडलं नाही. सणासुदीला एकत्र आणि रविवारी वेगळं, हे कसलं घर? पण बोलणार कुणाला, चूक कुणाचीच नव्हती.

आता गंमत ऐका. ही माळकरी पोरगी एमआयडीसीतल्या ज्या कंपनीत नोकरीला लागली, तिथं मटण बनवतात! म्हणजे झाडपाल्याचं मटण. वाटाण्यातलं आणि सोयाबीनमधलं प्रोटीन काढायचं, मशीनमधून दाबून त्याला मांसासारख्या रेषा आणायच्या आणि तुकडे करून पाकिटात भरायचे. खिमा काय, कुणीही करतं, पण तुकडा जमणं अवघड. ते तुकड्याचं काम हिच्याकडे होतं. वर्षभर जीव ओतला होता तिनं त्यात. आणि एक दिवस तिथला साहेब सगळ्यांसमोर म्हणाला, "मॅडम, तुम्ही जन्मात मटण खाल्लं नाही. ते कसं लागायला पाहिजे हे तुम्हाला काय कळणार?" मोठे साहेब माल चाखायला येणार होते. त्यांना पसंत पडला नाही तर हे काम हिच्याकडून काढून दुसऱ्या कुणाला देणार होते. घरी आली ती चप्पल काढता काढताच रडली.

"आई, तुम्ही चाखाल का? आणि खरं सांगाल का?"

"खरं सांगायला मला शिकवावं लागतं होय?" मी म्हटलं. "साहेब गेला खड्ड्यात. आण तुझं मटण."

पहिल्या रविवारी आणलं. मी माझं नेहमीचं वाटण लावलं, सुकं खोबरं आणि कांदा गॅसवर भाजून. दिसायला झकास. तोंडात घातलं आणि चावतेय, चावतेय, चावतेय. "अगं बाई, ही चप्पल कुठल्या मापाची आहे?" मी विचारलं. हे हसले. तिनं मान खाली घालून फोनमध्ये काहीतरी टिपून घेतलं.

पुढच्या खेपेला तुकडा मऊ झाला, पण वास! मटकी उकडून झाकण लावून ठेवावी तसा. मी म्हटलं, "नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा." तिसऱ्या खेपेला वासही गेला. तरी माझं समाधान होईना, आणि का होईना ते मला सांगताही येईना. रस्सा वेगळा चाखला, तुकडा वेगळा चाखला, तेव्हा कळलं. "हे बघ," मी म्हटलं, "मटण शिजताना रश्श्याला काहीतरी देतं. चरबी सुटते, तवंग येतो. तुझा हा कंजूष तुकडा नुसता घेतोय. माझा सगळा मसाला पिऊन बसलाय आणि बदल्यात काही सोडत नाही."

तिचे डोळे एकदम चमकले. "म्हणजे फॅट आत धरून ठेवायचं आणि शिजताना सोडायचं," ती स्वतःशीच म्हणाली आणि तिथून जी उठली ती फोन घेऊन गॅलरीत. काय काय बोलत होती, खोबरेल, यीस्ट, तापमान. मला त्यातलं ओ की ठो कळलं नाही.

समोरच्या फ्लॅटमधल्या सिंधी वहिनी, माहेर उल्हासनगरचं, त्यांनाही या मटणाची एक वाटी गेली होती. वाटी परत द्यायला आल्या त्या सल्ला घेऊनच आल्या. "दीदी, सब ठीक है, पर नली किधर है?" ह्यांनी टाळी दिली. ह्यांचंही तेच रडगाणं होतं, नळी चोखल्याशिवाय रविवार कसला? वहिनी म्हणाल्या, "इसमें भे डालो." भे म्हणजे कमळाची दांडी, तिला आरपार भोकं असतात. उल्हासनगरच्या बाजारात ढिगानं मिळते. मी म्हटलं, बघू.

आता ह्यांच्याबद्दल सांगायला पाहिजे. ह्यांच्या हृदयात स्टेंट बसलाय. डॉक्टरांनी बजावलंय, मटण महिन्यातून एकदा, तेही चार तुकडे. मधल्या रविवारी हे ताटाकडे असे बघतात की मला घास जात नाही. त्यामुळे सुनेच्या मटणावर ह्यांचा डोळा होता. मी म्हणायची, "दुधाची तहान ताकावर भागवायची. पण यात ताकद काय? वाटाण्यानं कधी अंगात रक्त भरलंय?"

यावर मात्र पोरगी मला बधली नाही. म्हणाली, "आई, प्रोटीन मटणाच्या तोडीचं आहे. कोलेस्टेरॉल नाही, वर चोथा आहे, तो मटणात नसतो. बी-ट्वेल्व्ह झाडपाल्यात येत नाही, ते आम्ही वरून घालतो. आणि लोह आहे, पण झाडातलं लोह अंगाला कमी लागतं. लिंबू पिळलं की चांगलं अंगी लागतं."

"लिंबू तर आम्ही पिळतोच."

"मग झालं की! पण एक खोट आहे. मीठ. चव यावी म्हणून कंपनीत मीठ जास्त घालतात. बाबांना ते चालणार नाही. मी तिथं भांडतेय त्यावरून."

स्वतःच्या मालाची खोट स्वतःच्या तोंडानं सांगणारी पोरगी. खरं सांगते, त्या दिवशी ती मला माझ्या पोटची वाटली. म्हटलं, "मीठ कमी कर, त्या बदल्यात वाटणात खोबरं जरा जास्त करपव. जीभ फसते." तिनं तेही टिपून घेतलं.

मोठे साहेब मंगळवारी येणार होते. सोमवारी तिनं सुट्टी घेतली, शेवटचा प्रयोग घरी करायचा म्हणून. मला तिनं सांगितलं असणार, पण माझ्या डोक्यातून पार गेलं. सोमवार माझा वार. उपास नसतो, पण वशाटाला हात लावत नाही, घरात शिजू देत नाही. सकाळी शिवमंदिरात गेले, गाभाऱ्याच्या पायऱ्या उतरून पिंडीवर बेल वाहिला, ओळखीच्या बायका भेटल्या, गप्पा झाल्या, आणि उशिरा घरी आले.

आमच्या मजल्याचा जिना चढतेय तोच वास आला. भाजलेलं खोबरं, आणि त्याखाली तो दुसरा वास, चरबी सुटल्याचा. मटण! सोमवारी! माझ्या घरात! माझं डोकंच फिरलं. आमच्या ह्यांनीच हे केलं असणार, मी देवळात गेल्याचं निमित्त साधून. दार उघडं होतं. हे सोफ्यावर बसून वाटाणे सोलत होते.

"लाज नाही वाटत?" मी दारातूनच सुरू झाले. "हृदयात ती स्प्रिंग बसवलीय, डॉक्टर जीव तोडून सांगतोय, आणि सोमवारी? महादेवाच्या वारी? कुणाकडून आणलंत?"

"अगं, मी काय केलं?" ह्यांच्या हातातला वाटाणा खाली पडला. "तुझी शपथ. मी घरातून हललेलो नाही."

"मग हा वास कसला? माझं नाक काय भाड्यानं आणलंय? बोकड शिजतोय आत!"

तरातरा स्वयंपाकघरात गेले. तिथं सून उभी, हातात पळी. आणि माझ्या मनात भलतंच आलं. नोकरीपायी हिनं खरं मटण आणलं. चव कळावी म्हणून. राग कुठल्या कुठे गेला आणि मला रडूच आलं. "पोरी, काय केलंस हे?" मी म्हटलं. "त्या साहेबाच्या एका बोलण्यापायी गळ्यातली माळ बाटवलीस? मला विचारायचं तरी. मी गेले असते त्याच्याशी भांडायला."

तिनं गॅस बारीक केला आणि हळूच म्हणाली, "आई, परत बोला."

"काय परत बोला?"

"आत काय शिजतंय म्हणालात?"

"बोकड!"

तिनं पळी ठेवली आणि माझ्या गळ्यातच पडली. हसतेय की रडतेय कळेना. तेव्हा कुठे माझं लक्ष गेलं. गॅसवर हिरव्या दोऱ्याची कढई होती. तिची कढई. बाजूला कंपनीचं पाकीट फोडून ठेवलेलं. ह्यांनी दारात येऊन सगळं पाहिलं आणि इतके हसले की मला पाण्याचा तांब्या आणावा लागला.

"आता चाखा तरी," तिनं वाटी पुढे केली.

मी हात मागे घेतला. "आज नाही. आज माझा सोमवार आहे."

"आई, वाटाणा आहे हा!"

"माहितीय गं. पण या वासाचं काही आज तोंडात घालायची माझी छाती नाही." खरंच नव्हती. वाटी नाकाशी आली की जीभ आपोआप टाळ्याला चिकटत होती. मला वाटलं, पोरगी खट्टू होईल, उद्या परीक्षा आणि सासू चाखत नाही. तर ती आणखीच खूश झाली. म्हणाली, मागच्या कुठल्याच खेपेला तुम्हाला वार आठवला नव्हता. मी तिला खडसावलं, "मागच्या खेपा रविवारी होत्या, शहाणे." पण तिचंही खरं होतं. चपलेला वार कोण पाळतं?

मंगळवारी माझा जीव दिवसभर थाऱ्यावर नव्हता. दोनदा दूध उतू गेलं. संध्याकाळी ती आली ती हसतच. मोठ्या साहेबांनी तुकडा उलटून पालटून पाहिला, खाल्ला, रेषा अजून जरा बारीक पाहिजे म्हणाले, चेहऱ्यावरून काही कळेना. मग वाटी तिथल्या सुपरवायझरकडे गेली. तो बदलापूरचा, पन्नाशीचा माणूस, गेली कित्येक वर्षं तिथंच. त्यानं चमचा तोंडाजवळ नेला, वास घेतला आणि खाली ठेवला. "मॅडम, माफ करा," म्हणाला, "आज माझा मंगळवार आहे."

मोठे साहेब बाहेरगावचे, त्यांना काही उमगेना. हिनं समजावून सांगितलं, वार म्हणजे काय, आणि वाटाण्याला कुणी वार पाळत नाही. वर काल सासूनं काय तमाशा केला तेही सांगितलं. "तेपण सांगितलंस?" मी ओरडले. साहेब म्हणे खुर्चीत मागे रेलून हसत सुटले. काम तिच्याकडेच राहिलं. मिठावरून अजून भांडण चालू आहे, पण आता तिचं बोलणं ऐकून घेतात.

त्या रविवारी ह्यांना उल्हासनगरला पिटाळून मी भे आणवली. ती उकडून रश्श्यात सोडली, आणि मटण लावलं ते हिरव्या दोऱ्याच्या कढईत. माझा मोठा टोप काढलाच नाही. तिघांची ताटं घेतली. ती सवयीनं आपलं ताट उचलून आत निघाली, मी मनगट धरून खाली बसवलं. हे कमळाच्या दांडीतून फुर्र करून रस्सा ओढत होते आणि समोरच्या वहिनींना दुवा देत होते.

तिनं भाकरीचा तुकडा रश्श्यात बुडवला, खाल्ला, थोडा वेळ चावत राहिली. मग म्हणाली, "आई, खरं सांगाल? मटण असंच लागतं?"

खरं सांगायचं कबूल केलं होतं मी. "नाही गं," मी म्हटलं. "अजून नाही. पण मटणाचा रविवार असाच लागतो."

तिनं वाटी पुढे केली, आणि मी तिला आणखी रस्सा वाढला.