सेलिनची काच

नंदाखालच्या काशिनाथ चुरीला फोटो काढता येत होते, छापता येत होते, आणि स्वतःची तारीफ तर फारच छान करता येत होती. धुता मात्र येत नव्हतं. हे त्याला कुणीतरी वेळेवर तोंडावर सांगायला हवं होतं. पण पंचक्रोशीत फोटोवाला एकच, त्याला नावं कोण ठेवणार?

घरची केळीची वाडी होती, विहिरीवर रहाट होता आणि बैल होता. थोरला भाऊ हरिभाऊ वाडी सांभाळी. काशिनाथ पडवीच्या टोकाला केलेल्या काळोख्या खोलीत रमलेला असे. लग्न, बारसं, कुणाची शेवटची शय्या, सगळीकडे त्याचा कॅमेरा आधी पोचे. नंदाखालात असं घर नव्हतं की ज्याच्या भिंतीवर काशिनाथच्या हातचं माणूस नव्हतं.

लढाईच्या दिवसांत फोटोचं सामान मिळेनासं झालं. हायपो नावाचं मीठ लागतं, चित्र कागदावर कायमचं बसवायला. काशिनाथ त्या मिठाचं तेच पाणी पुनःपुन्हा वापरी, आणि कागद बादलीत दोनदा बुचकळून दोरीवर टाकी. काचांचीही तीच रड. तेव्हा चित्र आधी काचेवर उतरे आणि त्या काचेवरून कागदावर छापलं जाई. चौकटीला लावायला दुसरी काच बाजारात मिळेना, म्हणून छापून झालं की काशिनाथ तीच काच धुण्याच्या सोड्यात उकळी, वरचा थर खरवडून काढी आणि त्याच फोटोवर बसवी. गावाने त्याच्या काटकसरीचं कौतुक केलं, आणि तोही हरभऱ्याच्या झाडावर चढला.

त्याच दिवसांत रोझलिनबायची सेलिन त्याच्यासमोर उभी राहिली. चर्चमधल्या पहिल्या कम्युनियनच्या विधीचा पांढरा फ्रॉक, डोक्यावर जाळीचा पदर, हातात मेणबत्ती. पोर हसत नव्हती, मेणबत्ती विझेल या काळजीत होती. महिन्याभरात मे सरता सरता कावीळ होऊन ती गेली. रोझलिनबाय आधीच विधवा, पोर एकुलती एक, आणि तिचा फोटो हाच एक. चौकट देताना काशिनाथ मोठ्या ऐटीत म्हणाला होता, तुझी सेलिन या काचेतच उतरली होती, बाय. रोझलिनबायने ते वाक्य जपून ठेवलं. रोज सकाळी प्रार्थना झाली की ती लुगड्याच्या पदराने ती काच पुसू लागली.

दहा वर्षं अशी गेली.

आगाशीचा ज्युलियस मुंबईच्या एका स्टुडिओत छपाई करी. हौसेला मोल नसतं म्हणतात. या गृहस्थाने रविवारी दुपारी आसपासचे फोटोवाले आपल्या घरी जमवायला सुरुवात केली. कुणी सोपाऱ्याहून येई, कुणी निर्मळहून. चंदनसारचा श्रीपत भातशेती सांभाळून सायकल हाणत येई. प्रत्येकाने आपली छपाई मांडायची, इतरांनी खोड काढायची, असा रिवाज. काशिनाथ पहिल्यांदा गेला तो दुसऱ्यांच्या छपाईतल्या खोडी काढायला.

त्या दिवशी ज्युलियस जुनी छपाई तपकिरी करून टिकवायची रीत दाखवत होता. औषधाला कुजक्या अंड्यांचा वास, म्हणून त्याच्या बायकोने सगळ्यांना ओट्यावर हाकललं होतं. ज्युलियसने फोटो पिवळ्या पाण्यात सोडला. बघता बघता माणूस विरला, फक्त फिकट पिवळी सावली उरली. मग ज्युलियसने कागद धुऊन वासाच्या पाण्यात घातला, आणि माणूस परत आला, आधीपेक्षा खणखणीत, काताच्या रंगाचा.

त्यानंतर ज्युलियस जे बोलला ते काशिनाथच्या अंगावर काटा आणणारं होतं. थकलेल्या हायपोत बसवलेली आणि नीट न धुतलेली चित्रं आतून सडतात. पाच वर्षांनी, दहा वर्षांनी, कडेने पिवळी पडत जातात आणि एक दिवस तोंडच राहत नाही. कुणाकडे अशी असतील तर आधी त्यांची नक्कल काढून ठेवा, फोटोचाच फोटो. मग ताज्या हायपोत घाला, मग वाहत्या पाण्यात दिवसभर धुवा, आणि मगच पिवळं पाणी दाखवा. हायपोचा अंश जरी कागदात राहिला, तर पिवळं पाणी चित्र खाऊन टाकील, सावलीसुद्धा ठेवणार नाही.

श्रीपतने विचारलं, धुतलं गेलं हे कळायचं कसं? ज्युलियस म्हणाला, घाई वाटली की समजा अजून नाही. श्रीपत हसला नाही. "पानी वाहू द्यायचा, दुसरा काय," तो म्हणाला. पुढचे कित्येक रविवार तो आपल्याच रद्दी छपाईवर हात बसवत राहिला. काशिनाथ मात्र एकदा बघून अर्ध्या हळकुंडाने पिवळा झाला. एकदा पाहिलं की आलं, असा त्याचा स्वभाव.

घरी परतताना त्याला रस्त्यावरची घरं वेगळीच दिसली. प्रत्येक भिंतीमागे त्याची माणसं होती, आणि ती आतून सडत होती, आणि घरच्यांना पत्ता नव्हता. त्या रात्री तो जेवला नाही. खरं सांगायचं तर तो घाबरला होता, आणि घाबरलेला माणूस शहाणपणाचं सोडून बाकी सगळं करतो.

मे महिन्यात रोझलिनबाय आपणहून वाडीत आली. चौकट तिने छातीशी धरली होती. सेलिनच्या फ्रॉकच्या घेरावर पिवळा डाग चढला होता आणि मेणबत्तीपर्यंत पोचला होता. "काशिनाथ, तिला परत कावीळ झालीय," ती म्हणाली. "तोंडापर्यंत जायच्या आत थांबव." दुसऱ्या दिवशी सेलिनचा स्मृतिदिन होता, संध्याकाळी घरी प्रार्थनेला माणसं येणार होती. त्याआधी फोटो भिंतीवर हवा होता.

काशिनाथने हो म्हटलं. नक्कल काढायला घरात कोरी काच नव्हती, मुंबईहून आणावी लागली असती. उपाय आपल्याला येतो, मग नक्कल कशाला, अशी त्याने स्वतःची समजूत घातली.

सकाळी त्याने सेलिनला ताज्या हायपोत घातलं आणि रहाटाच्या पाटाखालच्या दगडी दोणीत सोडलं. बैल फिरत होता, पण मेची विहीर. गाडगी निम्मीशिम्मी भरून वर येत होती. ऊन डोक्यावर यायच्या आधीच हरिभाऊने बैल सोडला. काशिनाथने विनवलं, तर हरिभाऊ उखडला. "विहिरीत आहे तेवढं पाणी संध्याकाळी केळीला लागणार. केळी जगवू की तुझे कागद धुऊ?"

दोणीतलं पाणी थांबलं. काशिनाथने त्यात हात फिरवला. पाणी स्वच्छ दिसत होतं. ज्युलियसचे शब्द त्याला आठवले नाहीत असं नाही, चांगले आठवले. पण संध्याकाळची माणसंही आठवली. लढाईत तर आपण दोन बुचकळ्यांत भागवलं होतं, त्यामानाने हे पुष्कळ झालं, असं म्हणून त्याने कागद उचलला आणि पिवळ्या पाण्यात सोडला.

सेलिन विरू लागली. तो भ्याला नाही, हे त्याने आगाशीला पाहिलं होतं. आधी फ्रॉक गेला, मग पदर, मग मेणबत्ती धरलेले हात. पिवळी सावली उरेल म्हणून तो वाट पाहत राहिला. तीही जाऊ लागली. त्याने कागद झपकन काढून वासाच्या पाण्यात घातला, औषधाचं ताट हलवलं, कागद उलटला, परत सरळ केला. तळाशी बुटांच्या टोकाशी थोडं तपकिरी उमटलं. वर कागद पांढरा शुभ्र होता, दुकानातून आज आणल्यासारखा.

तो ताट हलवत बसला. हरिभाऊ जेवायला बोलवायला आला आणि वास घेऊन माघारी गेला.

रोझलिनबाय तिन्हीसांजेच्या आधी आली. पांढरं लुगडं, हातात फोटोला घालायला अबोलीची वेणी. काशिनाथने तिच्यापुढे ओला कागद धरला आणि खरं ते सांगितलं, डाग धुताना पोर गेली. तिला वाटलं हा चुकून भलताच कागद दाखवतोय. मग तिला त्या बुटांची टोकं दिसली. ती रडली नाही. उलट तिला एकदम काहीतरी आठवलं आणि तिचा चेहरा उजळला. ते बघणं काशिनाथला सगळ्यात जड गेलं.

"काच आहे ना," ती म्हणाली. "तूच म्हणाला होतास, पोर काचेत आहे. काचेतून परत काढ."

चौकट ओट्यावर पडली होती. काच लख्ख होती, आरपार पलीकडची केळ दिसत होती.

"ती काच मीच सोड्यात उकळली, बाय. तेव्हाच. तिच्यात काही नाही."

रोझलिनबायने चौकट उचलली. सवयीने पदर काचेवर गेला आणि मध्येच थांबला.

"मग मी रोज काय पुसत होते?" तिने विचारलं.

तिने पांढरा कागद मागून घेतला, काचेमागे बसवला आणि माणसं यायची वेळ झाली म्हणून घराकडे निघाली.