माईकसमोरचे बाबा

अर्धांगवायूच्या झटक्यानंतर बाबांचं बोलणं बरंचसं परत आलं, पाय मात्र परतले नाहीत. सिल्व्हर पार्कच्या आमच्या घरात ते दिवसभर हॉलमधल्या खुर्चीत असतात. पंख्याचं बटण समोरच्याच भिंतीवर. पण आईला सारखं कशाला उठवायचं, म्हणून ते घामाघूम होऊनही गप्प बसत. शेजारचे गुजराती काका गप्पांना आले, की पाहुण्यासाठी पंखा लावायलाही आईला हाक मारावी लागे. ते मात्र बाबांच्या फार जिव्हारी लागे.

मी आवाजावर चालणारं सॉफ्टवेअर बनवते, आणि माझ्याच घरी दिव्याखाली अंधार! पंख्याला यंत्र जोडलं आणि आवाजाचे नमुने घ्यायला बाबांसमोर माईक ठेवला.

माईक दिसताच बाबांनी शर्टाचं वरचं बटण लावून घेतलं, खाकरले, आणि सोसायटीच्या गणपतीत सूत्रसंचालन करायचे त्या आवाजात म्हणाले, "कृपया हॉलमधील पंखा सुरू करण्यात यावा."

"बाबा, नेहमीसारखं बोला ना."

"रेकॉर्ड होतंय ना? मग नीट नको बोलायला?"

आमच्याकडे माईक म्हणजे स्टेज. मीही तोच आवाज यंत्राला शिकवला. शांत खोलीतल्या चाचणीत ते उत्तम पास झालं. खरं उकडायला लागलं तेव्हा बाबा थकून, जड जिभेने अर्धंमुर्धं बोलले, त्यात कुकरची शिट्टी झाली, आणि यंत्र ढिम्म.

"जाऊ दे गं," बाबा म्हणाले. "माझं कोण ऐकतंय आता."

मला असा संताप आला! यंत्र उचलून खिडकीबाहेर टाकावंसं वाटलं.

संध्याकाळी काका आले. स्वयंपाकघरात पोळ्या लाटताना माझ्या बाबांचं बोलणं कानावर पडत होतं. अर्धं हिंदी, अर्धं मराठी, मध्येच खोकला, मध्येच टीव्ही. लाटणं हातातच राहिलं. मला हाच आवाज हवा होता!

बाबा आणि काका दोघांना सांगून-विचारून माईक टीव्हीमागे ठेवला आणि चालूच सोडला. पहिल्या दिवशी बाबा आईकडे पाणीसुद्धा अदबीने मागत होते. मग माईक विसरले. ते बोलणं ऐकायचं, जसंच्या तसं लिहायचं, यंत्राला शिकवायचं, हेच वेड मला लागलं. चुका भराभर गळू लागल्या. भाजी चिरतानाही मी गुणगुणायला लागले.

रविवारी काका घाम पुसत आले. आई सवयीने उठली. मी तिचा हात धरून तिला खाली बसवलं.

"बैठो बैठो," बाबा म्हणाले. "मैं फॅन लगाता हूं." मग भिंतीकडे न बघताच, "ए, लाव रे जरा फॅन."

पंखा फिरायला लागला.

मला नाचावंसं वाटत होतं. काकांचं लक्षही नव्हतं, ते पाण्याच्या टँकरबद्दल तक्रार करत राहिले. बाबांनी त्यांना मध्येच थांबवलं आणि यजमानाच्या थाटात विचारलं, "और तेज करूं क्या?"