साडूंचा वस्तरा

गंजाशी वैयक्तिक वैर असलेला एकच माणूस माझ्या पाहण्यात आहे, आणि तो माझा साडू आहे. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, ताईंचे, हे यजमान पेणच्या बाजूला, खाडीकाठच्या गावात राहतात. तिथला वारा खारट, विहिरीचं पाणी मचूळ. भिंतीत ठोकलेल्या खिळ्याची वर्षभरात लाल भुकटी होते. गावाने हे निमूटपणे मान्य केलं आहे. दादांनी (आम्ही त्यांना दादाच म्हणतो) ते कधीही मान्य केलं नाही. डोलवीला पोलादाच्या कंपनीत त्यांची हयात मेंटेनन्समध्ये गेली. निवृत्त झाल्यावर सांभाळायला लोखंड उरलं नाही म्हणून असेल, त्यांनी सगळा जीव एका वस्तऱ्यावर लावला.

वस्तरा मूळचा पेणच्या एका सलूनमधला. तिथे अर्ध्या ब्लेडचे, पातं वापरून फेकायचे वस्तरे आले, तेव्हा हा जुना, अखंड पोलादाचा वस्तरा अडगळीत पडला. दादा तो मागून घेऊन आले आणि त्या दिवसापासून स्वतःची दाढी स्वतः करू लागले. "झिजलेला नाय, मोडलेला नाय, मग टाकायचा कशाला?" ते म्हणाले. "लोकांना धुवायचा कंटाळा, दुसरं काय."

दादांना स्वतःला धुण्याचा कंटाळा नव्हता. पडवीत दाढीला बसताना ते डाव्या खांद्यावर वर्तमानपत्राची घडी टाकत. पात्यावर साबणाचा फेस साचला की तो बोटाने निपटायचा नाही, भांड्यावर आपटून झटकायचा नाही. पात्याची पाठ पुढे आणि धार मागे ठेवून वस्तरा कागदावरून हलकेच ओढायचा. कागद नेहमी अग्रलेखाच्या पानाचा असे. मी कारण विचारलं तर म्हणाले, "त्या पानाने धारेला काय होत नाय." मी स्वतः बरीच वर्षं ते पान नेमाने वाचत आलो होतो.

दाढी झाली की वस्तरा गोड्या पाण्याने धुवायचा. मचूळ पाण्याचा थेंब बिजागरीत राहिला तरी त्यांना झोप लागत नसे. आम्ही रोह्याजवळ वरश्याला राहतो. ते दोघं आमच्याकडे आले की परत जाताना पाण्याचा एक कॅन भरून नेत. आम्हाला वाटायचं, ताईंची डाळ या पाण्यात चांगली शिजत असेल. पुढे कळलं की डाळ मचूळ पाण्यातच शिजते, गोडं पाणी वस्तऱ्याला. धुतल्यावर पंच्याने टिपणं, सावलीत उघडा ठेवणं, जुन्या चामडी पट्ट्यावरून दोन्ही बाजूंनी फिरवणं, शिवणयंत्राच्या तेलाचा थेंब चोळणं, आणि शेवटी मिटून, चिंधीत गुंडाळून तांदळाच्या डब्यात पुरणं. तांदूळ दमटपणा ओढून घेतो, असं दादांचं शास्त्र. तांदळाला तेलाचा वास येतो, असं ताईंचं.

एकदा आम्ही जेवायला गेलो असताना ताईंनी घाईत तांदळाबरोबर ती चिंधीही सुपात ओतली. दादा पडवीतून धावत आले. "लागलं काय?"

ताईंनी हात पुढे केला. "नाय लागलं."

"तुला नाय विचारत गो," म्हणत दादांनी चिंधी सोडली आणि वस्तऱ्याची धार उजेडात धरली.

पुढे दादांचा हात थरथर कापायला लागला. चहा बशीत कमी आणि लेंग्यावर जास्त सांडू लागला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि वयाचं नाव सांगितलं. गालावर दोन मोठे चिरे पडल्यावर ताईंनी आम्हाला बोलावून घेतलं. मी रोह्याहून बॅटरीवर चालणारं दाढीचं यंत्र नेलं.

दादांनी ते उलटसुलट फिरवून पाहिलं. "हे धुवायचं कसं?"

"धुवायला लागत नाही."

"मग घाण जाते कुठं?"

मी खोक्यातला माहितीचा कागद उलगडला.

"घेऊन जा," ते म्हणाले. "हात माझं ऐकत नाय, कबूल. म्हणून गाल याच्या ताब्यात देणार नाय. आणि सलूनात पण जाणार नाय, आधीच सांगतो."

त्यांनी दाढी वाढवली. पांढरीशुभ्र, छातीकडे निघालेली. पहिल्या महिन्यात लोकांनी विचारलं, नवस आहे का. दुसऱ्या महिन्यात विचारणं बंद झालं आणि मान मिळू लागला. भजनी मंडळाने पुढे बसवलं. एक उमेदवार पाया पडून गेला. दादांच्या ज्या मतांवर गाव इतकी वर्षं हसत होतं तीच मतं लोक आता मान डोलावून ऐकू लागले. दादांना या मोठेपणाचा भयंकर राग येई. दाढीला खाज सुटे ती वेगळीच. आणि रोज सकाळी वस्तरा डब्यातून निघे, कापऱ्या हाताने पुसला जाई, त्याला तेल लागे आणि तो परत तांदळात जाई. गालाला तेवढा लागत नसे.

एके सकाळी, आम्ही तिथेच असताना, ताई गरम पाणी घेऊन पडवीत आल्या. "बसा. मी करते."

"तुला काय येतं?"

"रोज मासे साफ करते. खवलं काढताना बोट कापलं नाय कधी."

"मी मासा हाय?"

"मासा बरा. हलत तरी नाय."

दादा बसले. आधी कात्रीने दाढी उतरली, मग फेस लागला आणि वस्तरा चालू झाला. दादांनी सूचना द्यायला तोंड उघडलं, तर ताई म्हणाल्या, "गप. नाक माझ्या हातात हाय." मग त्यांनी पात्यावरचा फेस सरळ पदराला पुसला. दादांनी डोळे मिटून घेतले. भजनी मंडळाने त्यांना पुन्हा मागे बसवलं.

परवा दोघं आमच्याकडे आले होते. दादांचे गाल गुळगुळीत, पण हनुवटीखाली गळ्याजवळ पांढऱ्या केसांचा चांगला पुंजका राहिला होता. मी म्हणालो, "दादा, इथे जरा राहिलीय. कात्री देऊ?"

त्यांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. आत दोघी बहिणी बोलत होत्या.

"ठाऊक हाय मला," ते हळूच म्हणाले. "रोज राहते. तिला जवळचं दिसत नाय आता. तू बोलू नको." आणि भर उकाड्यात त्यांनी सदऱ्याचं गळ्याजवळचं बटण लावलं. ते लागायला बराच वेळ लागला.