बाबांच्या टाकीत पाणी मी घालत होते

नालासोपाऱ्यात आम्ही राहायला आलो तेव्हा पाण्यावरून भांडण झालं नाही असा आठवडा जायचा नाही. नळाला एक दिवसाआड तासभर पाणी, बाकी सगळा टँकरचा कारभार. आणि अशा ठिकाणी माझ्या बाबांनी निवृत्त झाल्यावर काय करावं, तर हॉलमध्ये चार फुटी काचेची टाकी आणून तिच्यात समुद्र करायचं ठरवलं. गोड्या पाण्यातले चार सोनेरी मासे असते तर आम्ही काही म्हटलं नसतं. पण यांना खारं पाणी हवं, त्यात बारीक जीव वसलेला जिवंत खडक हवा, खडकावर मऊमऊ हलणारे प्रवाळ हवेत. वर एक समुद्रफूल, म्हणजे फुलासारखा दिसणारा प्राणीच, त्या फुलात लोळणारे दोन नारिंगी मासे आणि लाल-पांढऱ्या पट्ट्यांची एक कोलंबी.

"कोलंबी एवढीशी, तीही एकच. तिचं कालवणसुद्धा होणार नाही," आई म्हणाली.

मी त्याहून जास्त बोलले. माझा राग तेव्हाही नाकाच्या शेंड्यावरच असायचा. राजोडीचा समुद्र रिक्षाने जाण्यासारखा जवळ, आणि हे मुंबईच्या दुकानातून मिठाची पाकिटं आणणार, घरी कालवून समुद्र करणार. बाबा नुसते हसले. "तिकडच्या पाण्यात गाळ किती असतो ते बघितलंस का? मासे आपलं आपण बघतात गं. आपण पाणी बघायचं."

पाणी बघण्यातच त्यांचा जन्म गेला होता. एका कारखान्यात बॉयलरच्या पाण्याची तपासणी करायचे. घरी रोज सकाळी चहाच्या आधी टाकीतलं पाणी काचेच्या नळीत घ्यायचं, त्यात औषधाचे थेंब टाकायचे, रंग बदलला की छापील पट्टीशी ताडून बघायचा आणि वहीत लिहायचा. खारटपणा वेगळा मोजायचा. टाकीतलं पाणी उन्हाळ्यात भराभर उडतं, मीठ मात्र आतच राहतं. म्हणून जेवढं उडालं तेवढं बिनमिठाचं पाणी रोज वरून घालायचं. त्यासाठी ते स्टेशनजवळच्या बॅटरीवाल्याकडून डिस्टिल्ड वॉटरचे कॅन आणायचे. महिन्यातून दोनदा थोडं जुनं पाणी काढून नवं खारं पाणी भरायचे, तेही त्याच पाण्यात मीठ कालवून. मी कामाला निघताना ते स्टुलावर उभे राहून काच पुसत असायचे, आणि मी रोज काहीतरी टोमणा मारून जायची.

होळीनंतर त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. तीन आठवड्यांनी घरी आणलं तेव्हा आम्ही त्यांची कॉट आतल्या खोलीत लावली होती, तर त्यांनी डोळ्यांनी आणि डाव्या हाताने असा काही कल्लोळ केला की शेवटी कॉट हॉलमध्ये, टाकीसमोर आणावी लागली. तिथे मात्र शांत झाले. डॉक्टर म्हणाले होते, त्यांना कळतं सगळं, शब्द तेवढे सापडत नाहीत. हो-नाही असं मानेने सांगता येईल असे प्रश्न विचारा, आणि ज्यात त्यांचा जीव रमतो ते डोळ्यांसमोर ठेवा.

त्या दिवशी मी मनात एक खूणगाठ बांधली. कुणाला सांगितली नाही, सांगण्यासारखी नव्हतीच. टाकी जगली तर बाबा बोलतील. मी देवाधर्माचं फारसं करणारी नाही, वसईला एका वकिलांकडे टायपिंग करायची, दिवसभर अर्ज आणि प्रतिज्ञापत्रं. पण त्या टाकीच्या बाबतीत मी पार अडाणी झाले. वही काढून बसले. नळ्या, थेंब, रंगाची पट्टी, सगळं शिकले. वर्षभर ज्याची टिंगल केली ते रोज सकाळी न चुकता करायला लागले, आणि बाबा कॉटवरून बघायचे. नळीतला रंग बरोबर आला की मी ती नळी त्यांच्या डोळ्यांसमोर धरायची. ते मान हलवायचे. हो, बरोबर. आमचं एवढं गूळपीठ आयुष्यात कधी जमलं नव्हतं.

मे महिन्यात कॅन संपले. बॅटरीवाला दुकानाला कुलूप लावून महिनाभर गावी गेलेला. दुसरीकडे शोधायला मला वेळ नव्हता. कामावरून आलं की बाबांचं अंग पुसणं, कुशी बदलणं, व्यायाम. टाकीतलं पाणी रोज बोटभर खाली जात होतं. वहीच्या पहिल्या पानावर बाबांनी मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, नळाचं पाणी टाकीत नको. मग घालायचं काय?

"हंड्यातलं घाल," आई म्हणाली.

तो तांब्याचा हंडा आईला लग्नात माहेराहून मिळालेला. कोकणातून नालासोपाऱ्यापर्यंत तो तिच्याबरोबर आला. चिंचेने घासून असा लखलखीत ठेवायची की स्वयंपाकघराच्या दारात दिवा लावल्यासारखं वाटायचं. नळाचं पाणी फडक्याने गाळायचं, उकळायचं, निवलं की हंड्यात ओतायचं आणि रात्रभर ठेवून सकाळी प्यायचं. आमच्या घरी कोणी आजारी पडलं, कोणी बाळंतीण आली, की तिला हंड्यातलंच पाणी. "तांब्यात जंतू राहत नाहीत," आई सांगायची. जंतूंना जे मारतं ते आणखी कोणाला मारत असेल, हा विचार माझ्या डोक्यात आला नाही. माझं शिक्षण काय चुलीत घालायचं होतं का, असं आता वाटतं. तेव्हा मात्र मला आई फार शहाणी वाटली.

आम्ही दोघी माठातलं पाणी प्यायला लागलो. हंडा टाकीसाठी आणि बाबांसाठी राखून ठेवला.

आठवड्याभरात काचेवरचं शेवाळ खायला बाबांनी सोडलेल्या गोगलगाई पटापट खाली पडल्या. मला वाटलं, उष्मा. मग एका सकाळी कोलंबी आडवी पडलेली दिसली. आईने तिचं एवढंसं कलेवर चमच्याने काढलं आणि तुळशीच्या कुंडीत पुरलं, कालवणाचं नाव काढणारी माझी आई. मी नळ्या काढून बसले. पाणी बिघडल्याचा रंग आला होता. वहीत त्यावर उपाय लिहिलेला होता: थोडं पाणी बदलावं. मी थोडं नाही, पाव टाकी बदललं. हंड्यातल्या पाण्यात मीठ कालवून. प्रवाळ आक्रसून खडकाला चिकटले. मी आणखी बदललं. जितकी जास्त काळजी घेत गेले तितकं ते सगळं माझ्या हाताखाली मरत गेलं.

आणि बाबांनी तेव्हापासून एक हट्ट सुरू केला. एरवी ते हंड्यातलं पाणी चमच्या-चमच्याने नीट प्यायचे. पण मी पाण्याचा मग घेऊन टाकीपाशी उभी राहिले की त्यांचा डावा हात उठायचा. बोट हंड्याकडे. घशातून आवाज.

"पाणी हवंय?"

मान नाही म्हणायची. पण बोट तिकडेच. मला वाटायचं, यांची मान आणि मन एकमेकांशी बोलत नाहीत. झटक्यानंतर असं होतं, हे मी ऐकलेलं. मग मी हातातलं काम टाकून पेल्यात पाणी घ्यायची, त्यांच्या ओठांना लावायची, आणि ते दात घट्ट आवळून धरायचे. पाणी हनुवटीवरून गळ्यात, गळ्यातून उशीवर. रोज. मी बाकीचं सगळं विचारून बघितलं. दिवा बंद करू? माशांना भूक लागलीय? पंख्याचा वारा लागतोय? नाही, नाही, नाही. पाण्याबद्दल विचारावं हे सुचलंच नाही, कारण घरातली सगळ्यात चांगली वस्तू तीच होती.

एकदा मी भडकले. उशी तिसऱ्यांदा बदलायला लागली होती, कामाला उशीर झाला होता. "मागायचं तुम्हीच आणि थुंकायचंही तुम्हीच! किती छळणार आहात, बाबा?" असं म्हटलं मी. ज्या माणसाने मला आयुष्यात एक चापट मारली नाही त्याला. त्यांनी डोळे मिटून घेतले. आई आतून म्हणाली, "अगं, आजारी माणूस आहे," आणि मी चप्पल घालून निघून गेले. जिन्यात रडले, पण ते त्यांना कुठे दिसलं.

जूनमध्ये समुद्रफूल गेलं. आधी ते मिटलं, मग खडकाच्या फटीत सुरकुतून बसलं, आणि टाकीला वास यायला लागला. ते काढायला खडक उचलायला हवा होता आणि तो मला एकटीला उचलेना.

त्या रविवारी दुपारी बाबांचे एक जुने मित्र त्यांना बघायला आले. जूचंद्र गावचे, बाबांच्याच कारखान्यात होते. टाकी आणली त्या दिवशी खडक लावायला हेच मदतीला आलेले. बाबांचा हात हातात घेऊन बराच वेळ बसले, गावच्या मिठागराच्या, घरच्या गोष्टी एकट्यानेच बोलत राहिले. मी म्हटलं, काका, एवढा खडक जरा उचलून द्याल का? ते उठले, शर्टाची बाही वर केली, आणि पाण्यात हात घालायच्या आधी मनगटातलं कडं काढून खिशात टाकलं. सांधेदुखीवर घालतात ना, तसलं तांब्याचं कडं.

"ते कशाला काढलंत?" मी सहज विचारलं.

"तुझ्या बाबाने पहिल्या दिवशी हात धरलेला ना माझा," काका हसून म्हणाले. "तांबं पान्यात जायला नको बोलला. फूल मरतं, कोलंबी मरते, खडकावरचं सगळं मरतं. मासे तेवढे राहतात बोलला."

टाकीत ते दोन नारिंगी मासे फिरत होते. अगदी धडधाकट.

मी टाकीची कड धरून उभी राहिले. काका विचारत होते, काय झालं बाय, चक्कर येते काय, आणि मला स्वयंपाकघराच्या दारातला तो हंडा सोडून काही दिसत नव्हतं. उष्मा आहे, म्हटलं मी. त्यांनी खडक उचलला, मी जाळीने ते फूल काढलं. चहा घेऊन ते गेले.

मग मी कॉटपाशी जमिनीवर बसले. बाबा माझ्याकडेच बघत होते. खोली एवढी लहान, त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"बाबा," मी म्हटलं, "तुम्ही हंड्याकडे बोट दाखवायचात, ते हेच सांगायला ना? ते पाणी टाकीत घालू नको म्हणून?"

त्यांच्या डोळ्यांत जे आलं ते मी बघितलं. दीड महिन्याने कोणीतरी बरोबर प्रश्न विचारला होता. त्यांची मान हलायला लागलीच होती.

"म्हणजे माझ्या हंड्याने मेलं सगळं?"

आई दारात उभी होती. हात ओले, पदर खोचलेला. तिचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता. ती टाकीकडे बघत होती, आणि मग बाबांकडे बघायला लागली.

बाबांनी माझ्या खांद्यावरून तिच्याकडे पाहिलं. मग त्यांची मान हलली. डावीकडे, उजवीकडे. नाही.

"नाही ना?" आई पुढे आली. "मग तहान लागायची का हो तुम्हाला?"

हो, अशी मान हलवली त्यांनी.

"बघ," आई मला म्हणाली, "तहानच लागायची बिचाऱ्यांना. तू उगाच काहीतरी डोक्यात घेतेस." तिने डोळे पुसले, हंड्यातून पेला भरून आणला आणि त्यांच्या ओठांना लावला. त्यांनी तो सगळा पेला प्यायला. एक थेंब उशीवर सांडला नाही. पिताना नजर माझ्यावर होती. ती नजर मला पक्की ठाऊक होती. लहानपणी पाहुण्यांसमोर मी काही बोलून जाईन असं वाटलं की ते असेच बघायचे. गप्प बस म्हणून.

मी गप्प बसले. दुसऱ्या दिवशी कामावर न जाता पार विरारपर्यंत फिरून डिस्टिल्ड वॉटरचे कॅन आणले आणि आईला सांगितलं की हंड्यातलं पाणी आता बाबांनाच पुरवू. तोवर टाकीत जगवण्यासारखे दोन मासेच उरले होते. पुढे ते मी मुंबईच्या दुकानात देऊन आले.

बाबा दिवाळीच्या आधी गेले. एक शब्दही न बोलता. मी मनाशी बांधलेली ती खूणगाठ त्यांना कधी कळली नाही, हे एक बरं झालं.

आई अजून आहे. थकली आहे, पण हंडा स्वतः घासते. कोणी घरी आलं, बाबांचा विषय निघाला, की ती प्रत्येकाला सांगते, "शेवटी शेवटी बोलता येत नव्हतं हो त्यांना. पण हंड्याकडे बोट दाखवून पाणी मागायचे. माझ्या हातचंच लागायचं." मग ती माझ्याकडे वळते. "हो ना गं?"

हो, मी म्हणते.