तिसऱ्या भागातली सूचना

मेडिकल बोर्डाने पलटणीतून घरी पाठवलं तेव्हा मी तेवीस वर्षांचा होतो. डावा कान गेला होता. पुढचं पोस्टिंग दोहा: बिन महमूद भागातल्या एका ट्रेनिंग सेंटरात कोऑर्डिनेटर. संध्याकाळच्या सेफ्टी सुपरवायझर कोर्सला इतरांबरोबर माजी सैनिकही येत. माझे जुने सेक्शन कमांडर हवालदार माने त्यांत होते. दिवसा अल खोरला कंपनीची बस चालवत. सुपरवायझर झाले की बायको-मुलीला इथे आणता येणार होतं.

माजी सैनिकांना कसं शिकवावं यावर शिक्षकांसाठी एक व्हिडिओ गाइड आहे. आपापल्या सवडीने बघायचं, शेवटी सर्टिफिकेट मिळतं. सेंटरने ते माझ्याच आग्रहावरून घेतलं. तिसऱ्या भागात स्वच्छ सांगितलंय: स्फोटाचं दृश्य दाखवण्याआधी वर्गाला कल्पना द्या. विचारपूस करायची तर एकट्याला गाठून करा, चारचौघांत नको. सेफ्टीच्या सरांनी ते पॅन्ट्रीत लावलं आणि शावरमा खाल्ला. तिसरा भाग बघितलात का, मी विचारलं.

"सर्टिफिकेट आ गया ना भाई? खलास."

सवड दिली की सूट मिळाली, असंच आपण समजतो. चीड येते ती याची.

मंगळवारी गॅसस्फोटाचा धडा होता. सरांनी क्लिप लावली, आवाज पूर्ण. मी काचेबाहेर डेस्कवर. धमाका झाला. माने साहेबांनी शेजारच्या प्लंबरला खांद्याला धरून खाली ओढलं आणि स्वतः त्याच्या अंगावर पडले.

"गणेश, डाऊन!"

वर्ग हसला. ते उठले. शर्ट सारखा केला. सरांनी सगळ्यांदेखत विचारलं, "ऑल ओके?"

"येस सर. नो प्रॉब्लेम."

सर पुढे शिकवू लागले. फौजेत धडा संपला की उस्ताद विचारतो, "कोई शक?" उत्तर ठरलेलं: "नहीं उस्ताद." शंका असली तरी. सिव्हिलियनला ते खरं वाटतं.

पुढच्या वर्गाला ते आले नाहीत. फोन उचलेनात. शुक्रवारी मी अल खोर गाठलं. कामगारांच्या कॅम्पबाहेर बसच्या पायरीवर बसले होते. सर माफी मागतील, धडा पुन्हा घेतील, मी सांगितलं. मुलीचाही विषय काढला.

"कोर्स खलास, जाधव."

"साहेब, लोक हसतात आणि विसरतात."

"मला हसले असते तर चाललं असतं रे. नाव त्याचं होतं."

माझा कान गेला त्या गस्तीवर सुरुंग आणि माझ्यामध्ये गणेश होता. माने साहेब मागे होते. त्यांचा हात पोचला नाही.

आता स्फोटाच्या धड्याआधी सर वर्गाला बजावतात. मी दारात उभा राहून ऐकतो, उजव्या कानाने. माने साहेब अजून बसच चालवतात. मुलगी गावीच आहे.

प्रत्येक नव्या शिक्षकाशेजारी बसून मी तिसरा भाग पुरा बघतो. मग गाइडमध्ये नसलेलं सांगतो. शिपाई गणेश तोडकर. वय बावीस. पलटणीच्या लंगरातल्या चहात गूळ मागायचा आणि शिव्या खायचा. हे नाव वर्गात कुणाच्या तोंडून निघालं, तर कुणी हसायचं नाही.