आधीच फेडलेला नवस

डाळीसाठीच्या अर्ध्या तुरीला लाल मातीचं पाणी चोळून झालं होतं, अर्धी अजून टोपल्यात कोरडीच होती, तेवढ्यात फोन वाजला. सिंधुबाईंचे दोन्ही हात कोपरापर्यंत मातीत. शेजारच्या नागुबाई गच्चीवर पाय पसरून ऊन खात बसल्या होत्या. त्यांनीच फोन उचलला, बोट फिरवून आवाज मोठा केला आणि सिंधुबाईंच्या तोंडासमोर धरला.

पुण्याहून लेक बोलत होती, शिल्पा.

"माय, तुझं तिकीट काढलंय. पुढच्या आठवड्यात आपण दोघी चालायला जायचं. सहा दिवस. आधी समुद्राच्या काठानं, मग जंगलातून, मग डोंगरावर."

"कोणाच्या दर्शनाला गं?"

"दर्शनाला न्हाई. चालायलाच."

"चालायला म्हंजे? चालून जायचं कुठं?"

"कुठंच न्हाई, माय. चालायचं, बघायचं, माघारी यायचं. जेवण, मुक्काम, वाट दाखवणारा, सगळं ते लोक बघतात. तू फक्त ये. न्हाई म्हणू नको."

फोन बंद झाला. सिंधुबाईंनी हातातली तूर परत घमेल्यात सोडली. नागुबाईंनी मात्र दोन्ही हात जोडून कपाळाला लावले.

"पोरीनं नवस बोललाय," त्या हळूच म्हणाल्या. "दुसरं काय असणार? नवस फिटेपर्यंत तोंडातून काढत न्हाईत. म्हणून तर दर्शनाला न्हाई म्हणाली. तू बी खोदून इचारू नको, फळ जातंय त्याचं."

ही गोष्ट सिंधुबाईंच्या मनात जी बसली ती बसलीच. कारण दुसरं काही तिथं बसण्यासारखं नव्हतं. त्यांचं बालपण किनवटच्या बाजूच्या एका रानातल्या गावात गेलं आणि संसार हिमायतनगरात झाला. चालणं त्यांना नवीन नव्हतं. लहानपणी मोहफुलं वेचायला चालल्या, शाळेला चालल्या, लग्नानंतर डोक्यावर भाकरी घेऊन शेताला चालल्या. गिरणीला, विहिरीला, बाळंतिणीला बघायला, कोणाच्या मातीला. माहूरच्या रेणुकामातेच्या पायऱ्या तर दरसाल. पण वाटेत जो भेटेल तो विचारतोच, 'कुठं निघालीस गं?' आणि या बाईनं साठीपर्यंत कधीही त्याचं उत्तर द्यायला क्षणभर थांबलेलं कोणी पाहिलं नव्हतं. उत्तर नसताना पाऊल उचलायचं, हे त्यांच्या अख्ख्या आयुष्यात नव्हतं.

मग नवस कशाचा? दुखणं आहे का काही, जे आईला सांगत नाही? जावई वैजनाथ शब्दानं वाकडा नाही, पण चार भिंतींच्या आतलं कोणाला दिसतं? नोकरी गेली का? का पाळणा हलायचा राहिला म्हणून? देवघरात समई लावताना त्यांचं बोट भाजलं तरी कळलं नाही.

मालकांना, म्हणजे भागवतरावांना, सगळ्याचंच हसू येत होतं. "हळदीच्या रानात चल म्हणलं की गुडघे धरती, आन् आता समुद्राच्या काठानं सहा दिवस! देवानं पाय बी माणूस बघून दिलेत का काय?"

"तुम्ही तूर तेवढी झाका सांजच्याला," सिंधुबाई म्हणाल्या.

निघायच्या दिवशी नागुबाई एक नारळ, हिरवा खण आणि मूठभर तांदूळ घेऊन आल्या. "तिकडं जी कोण देवी असंल तिची माझ्या नावानं ओटी भर. म्हणावं, गुडघे तेवढे सांभाळ." सिंधुबाईंनी ते पदरात घेतलं आणि पिशवीत अगदी तळाशी ठेवलं, वर काही वजन पडणार नाही असं.

*

पुण्याहून बस निघाली ती सकाळी गोकर्णात पोचली. बारा-चौदा माणसं, सगळी पाठीवर पिशव्यावाली. वाट दाखवणारा अमरेश नावाचा धारवाडकडचा माणूस होता, कपाळावर भस्म, तोंडात सारखा विनोद. सगळ्यांना त्यानं आधी महाबळेश्वराच्या देवळात नेलं. आत्मलिंगाचं दर्शन झालं तसा सिंधुबाईंचा जीव भांड्यात पडला. चला, देव आहे.

बाहेर आल्यावर अमरेश म्हणाला, "आता इथून चालायला सुरू."

"कुठं?"

"असं खाली, काठाकाठानं. मग डोंगराकडं."

"आन् देव?"

"देव झाला की काकू आत्ताच."

सिंधुबाई वाटेतच थांबल्या. देव पहिल्याच दिवशी झाला आणि चालायचं ते देवाकडं पाठ करून! माहूरला आधी पायऱ्या आणि मग आई. हे तर आधी जेवण आणि मग चूल पेटवायची, तसलं काहीतरी झालं. पण शिल्पा पुढं निघाली होती, म्हणून त्याही निघाल्या.

समुद्र उजव्या हाताला होता. आयुष्यात पहिल्यांदाच बघत होत्या त्या समुद्र, पण डोक्यात वेगळंच चाललेलं. प्रदक्षिणा घालताना देव उजव्या हाताला असतो. मग ही समुद्राची प्रदक्षिणा आहे का? असेल. पण एवढ्या समुद्राला फेरी घालून सहा दिवसांत माघारी कसं यायचं?

पुढं वाळू लागली आणि शिल्पानं बूट काढले. सिंधुबाईंनी ते डोळ्यांनी पाहिलं. हां! अनवाणी. नागुबाई म्हणाली ते खरंच. त्यांनी गुपचूप आपलेही बूट काढले, लेकीनं मुद्दाम घेतलेले, निळ्या नाड्यांचे. वाळू संपली, खडक सुरू झाले, तशी शिल्पा एका दगडावर बसली आणि तिनं बूट पुन्हा चढवले.

अनवाणी बोललेला नवस मध्येच मोडला की तो न बोललेल्यापेक्षा वाईट. पोरीला कोणी सांगितलं नसेल. आणि आपण बोलायचं नाही, तोंडातून निघालं की फळ गेलं. सिंधुबाईंनी डोळे मिटले, मनातल्या मनात माहूरच्या दिशेला तोंड केलं, ती दिशा कोणती ते त्या अनोळखी काठावर त्यांना कळेना, तरी केलंच, आणि म्हणाल्या, 'आई रेणुके, लेकरू अजाण हाय. तिचं राह्यलेलं मी पुरं करते.' मग बुटांच्या नाड्या एकमेकींना बांधल्या, बूट गळ्यात अडकवले आणि त्या खडकावर अनवाणी पाय ठेवला.

"माय, बूट घाल की."

"राहू दे. पायाला बरं वाटायलंय."

"काकू," अमरेश मागून म्हणाला, "बूट पायात घालतात आणि ताईत गळ्यात. तुमचं उलटं झालंय."

सगळे हसले. सिंधुबाईही हसल्या. शिल्पा तेवढी हसली नाही.

*

दोन दिवसांनी जंगल आलं. किनवटचं जंगल सिंधुबाईंच्या ओळखीचं होतं. सागाचं, उन्हाळ्यात पानं गाळून मोकळं होणारं, वरून आभाळ दिसणारं. हे निराळंच. भर दुपारी आत दिवेलागणीचा उजेड. झाडं इतकी उंच की शेंडा बघायला जावं तर डोक्यावरचा पदर पडतो. मुळं वाटेवर साप पडल्यासारखी, दगड ओले, पाचोळा ओला. पुण्याची मंडळी थांबून थांबून माना वर करत होती. सिंधुबाईंना वाटायचं, आता पुढच्या वळणाला कुठंतरी शेंदूर लावलेला दगड असणार. वळण यायचं, दगड यायचा, त्याला शेंदूर नसायचा.

एका ओढ्यात त्यांचा पाय घसरला आणि पिशवी पाण्यात गेली. नारळाला काही झालं नाही, पण खणाचा हिरवा रंग उतरून तांदळाला लागला. त्या तांदूळ पदरात पसरून बघत राहिल्या.

तिथून थोडं पुढं वेताची जाळी होती. तिचा काटा तळव्यात असा घुसला की त्या आवाज न करता खालीच बसल्या. अमरेशनं चिमटा काढला, काटा काढला, हळद लावली. बाकीच्यांना तो पुढं घेऊन गेला. मागं माय-लेकी राहिल्या, आणि शिल्पा फुटली.

"तुला आवडलं न्हाई तर तोंडानं सांग ना! असा पायावर राग काढून काय मिळायलंय तुला? तीन दुकानं फिरून घेतले ते बूट मी. सगळे मला बघायलेत, आईला अनवाणी चालवती म्हणून."

"राग? मी कशाला राग काढू?"

"मग काय हाय हे?"

सांगावं तर फळ जातं, न सांगावं तर लेक जाते. सिंधुबाईंनी एकदा वर बघितलं, झाडाचा शेंडा काही दिसला नाही.

"तुझाच नवस चालून राहिले, बाई," त्या शेवटी म्हणाल्या. "तू बूट घातलेस. मोडू नये म्हणून मी..."

"कसला नवस?"

"तू बोललेला."

"मी?" शिल्पानं आ वासला. "मी कशाला नवस बोलू? मला काय झालंय?"

"तेच तर मी समुद्रापासून इचारायले मनात. काय झालंय तुला?"

"काही न्हाई झालं!"

"देवाची आण?"

"देवाची आण. तब्येत बरी, वैजनाथ बरा, नोकरी बरी. अगं, घरी आले की तू एका जागी बसतीस का? बोलायला लागलं की तुझी कढी उतू जाती, न्हाईतर नागुमावशी येती. म्हणलं, चालताना तरी कुठं पळंल? म्हणून आणलं."

सिंधुबाईंनी हे ऐकलं, पुन्हा एकदा मनात ऐकलं. शब्द सगळे कळले. पण जीव सैल व्हायच्या ऐवजी आणखीच गुंता झाला.

"म्हंजे नवस न्हाईच?"

"न्हाईच."

"पण मी तर फेडायले! माहूरच्या आईला सांगून बसले की, राह्यलेलं मी पुरं करते. आता हे चाललेलं कुणाच्या नावावर गेलं?"

शिल्पाला आधी हसू आलं. मग आईच्या तळव्याकडं बघून ते विरलं. तिनं आपल्या ओढणीचं टोक फाडून पायाला बांधलं आणि बूट पुढं केले.

"न्हाई," सिंधुबाई म्हणाल्या. "आता मधी सोडता येत न्हाई. बोलले ते बोलले."

उरलेल्या वाटेवर लेक आईच्या पुढं नाही, बरोबरीनं चालली, आणि काटा दिसला की बुटानं बाजूला करत गेली.

*

डोंगरमाथ्यावर नुसतं वाळलेलं गवत आणि वारा. मंडळी फोटो काढायला पांगली. सिंधुबाईंनी सगळा माथा फिरून बघितला. एवढा उंच डोंगर आणि वर कोणीच नाही! आपल्याकडं टेकाडावर सुद्धा एखादा म्हसोबा तरी असतो.

अमरेशला पिशवीतला नारळ दिसला. "फोडा की काकू, भूक लागली. गूळ आहे माझ्याकडं."

"ओटीचा हाय बाबा तो."

"कुणाची ओटी?"

"तेच तर कळंना."

तो गूळ एकटाच खात निघून गेला. शिल्पा शेजारी येऊन बसली. खाली जंगल हिरवं, त्याच्यापलीकडं समुद्राची एक रेघ, दिसल्यासारखी, नसल्यासारखी.

"मी इचार केला," सिंधुबाई म्हणाल्या. "लोक आधी मागतात, मग फेडतात. माझं फेडून झालं, मागायचंच राह्यलं. आता फिटलेला नवस असा मोकळा कसा ठेवायचा? तूच सांग, काय मागू तुझ्यासाठी?"

शिल्पा आईच्या खांद्याला डोकं टेकून म्हणाली, "ठेव शिल्लक. लागंल कधीतरी."

आणि उठून फोटोला गेली.

सिंधुबाईंनी नारळ पुन्हा पिशवीच्या तळाशी ठेवला. ज्याला काही झालेलं नाही, तो माणूस 'लागंल' म्हणतो का? का सगळ्यांनाच कधी ना कधी लागतं, तेवढंच तिला म्हणायचं होतं? देवाची आण घेतली आहे पोरीनं, खोटी घ्यायची नाही. मग डोकं टेकवलं कशाला? चार दिवस बरोबर चालूनही हे एवढं विचारायचं त्यांना काही सुचलं नाही.

*

घरी आल्या तर तूर होती तशीच. माती लावलेली वाळून खडखडीत, कोरडी कोरडीच. भागवतरावांनी झाकली होती हेच नशीब.

नागुबाई आल्या आणि दारातच पाया पडायला वाकल्या. यात्रा करून आलेल्याच्या पायाला तिथलं पुण्य लागलेलं असतं. सिंधुबाईंनी पाय मागं घेतले.

"यात्रा नव्हती, नागुबाई."

"तळवे बघ जरा! अनवाणी जाऊन आलीस आन् यात्रा न्हाई म्हणतीस? कोणती देवी होती?"

"न्हाई भेटली."

"आन् माझा नारळ?"

"आणलाय माघारी."

नागुबाई मटकन पायरीवर बसल्या. "माघारी? अगं, देवाच्या नावानं उंबरा ओलांडलेला नारळ परत घरात घेत असतात का? बाहीर ठेव बाई, बाहीर!"

नारळ बाहेरच्या खुंटीला टांगला. संध्याकाळी सिंधुबाई समई लावून बसल्या आणि एकदाचं त्यांना काहीतरी नीट दिसलं. समुद्रावर शब्द दिला तो माहूरच्या आईला. मग चाललेलं गेलं तिच्याकडंच. म्हणजे वाट अजून पुरी झाली नव्हती, पायऱ्या तेवढ्या राहिल्या होत्या. परवा शुक्रवारी जायचं, ओटी भरायची, नागुबाईचे गुडघे सांगायचे आणि म्हणायचं, लेकीचं चालून झालंय, मागणं तुझ्यापाशी ठेव. कशासाठी ते मला ठावं न्हाई. तिला लागंल तेव्हा ती नवस बोलायची न्हाई, मला ठाऊक हाय. तूच ओळख.

शिल्पाला खरंच काही झालेलं नव्हतं का, हे मात्र समई शांत होईपर्यंत कळलं नाही.

सकाळी त्यांनी उरलेली तूर घमेल्यात ओतली, माती भिजवली आणि हात घालण्याआधीच उठून पिशवी काढली. भागवतराव दारात दाढी करत होते.

"अर्ध्यात टाकून आता कुठं निघालीस?"

"बाजारात," सिंधुबाई न थांबता म्हणाल्या. "हिरवा खण आणायला."